मानाची पदं कापली तेव्हा

समतेच्या चळवळीची पत्रकं वाचून मी वाढलो, त्यामुळे बहिणीच्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर ‘आबासो’, ‘नानासो’, ‘भाऊसो’ लिहायचं ठरलं तेव्हा माझं रक्त उसळलं. मानाची पदं म्हणजे सरंजामशाहीची शेपटं! मी तेव्हा जळगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये युनिक्स शिकत होतो. पाहुण्यांची यादी वडिलांनी सांगितली तशी मीच टाइप केली होती. प्रत्येक ओळीत आधी मानाचं पद, मग नाव, मग गाव, मधे स्वल्पविराम.

युनिक्समध्ये ‘कट’ नावाची आज्ञा आहे. ओळीचे स्वल्पविरामांपाशी तुकडे पाडायचे आणि हवे तेवढेच ठेवायचे. मी दुसरा आणि तिसरा तुकडा ठेवला, पहिला उडवला. एका ओळीत समता! प्रिंटरनं करकरत चिठ्ठ्या काढल्या, मी न वाचता त्या पाकिटांवर चिकटवल्या आणि पाकिटं पोस्टात टाकली.

मामांना मात्र आम्ही सगळे नुसतं ‘आबा’ म्हणायचो. वडिलांनीही तेवढंच सांगितलं होतं. पहिल्या रकान्यात ‘आबा’, दुसरा रकाना रिकामा. मी आबा कापला, तेव्हा पाकिटावर भडगावजवळच्या त्यांच्या गावाचं नाव तेवढं उरलं.

पोस्टमननं ते पाकीट पारावर उघडून वाचलं. लग्नाच्या दिवशी मांडवापुढे ट्रक थांबला आणि अख्खं गाव उतरलं.

“बठ्ठा गावले बलावणं शे!” सरपंच हसत म्हणाले. आचाऱ्यानं मला शिव्या घालत वरण-बट्टीचं पीठ पुन्हा मळायला घेतलं.

सगळ्यांत शेवटी मामा उतरले आणि मांडवात मागच्या रांगेत जाऊन बसले. मुहूर्त जवळ आलेला. भाचीच्या पाठीशी मामा उभा नसेल तर अंतरपाट धरायचाच नाही, असं आईनं भटजींना बजावलं. बहीण रडकुंडीला आली.

मी मामांकडे धावलो. “आबा, चला ना!”

“मना नावनी पत्रिका कोठे शे? मी गावना एक मानूस. तूच म्हनस ना, बठ्ठा सारखा? मंग कोनबी उभं राहो.”

सरपंचांनी हे ऐकलं आणि खरोखरच बहिणीच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागे पिठाच्या गिरणीवाले, मग भजनी मंडळ टाळांसकट. बघता बघता या नव्या मामांची रांग मांडवाबाहेर गेली. नवरदेवाचे वडील घाबरून विचारू लागले, “एवढ्या सगळ्यांना आहेर करायचा का?”

बहीण वळली, ती रांग पाहिली आणि ओरडली, “आबाऽ! माले इतला मामा नही पाहिजेत!”

मामा खुर्ची पाडून उठले. “सरका रे! भाची मनी शे!” टाळवाल्यांना कोपरानं ढकलत ते पुढे घुसले. त्या रेटारेटीत त्यांचा फेटा सुटला. तो त्यांनी माझ्या हातात कोंबला.

“समतावाला, धर हाई. जमिनीले लागाले नको.”

मंगलाष्टकं संपेपर्यंत मी तो फेटा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा होतो.