बोर्ड पाहण्याचा कार्यक्रम

पेण-रोहा रस्त्यावरचे जुने चमकणारे बोर्ड, ज्यांच्यावर किलोमीटरचे आकडे काचेचे मणी बसवून केलेले असत, ते माझ्या माहितीत आता तीनच उरले आहेत. तिन्ही रस्त्यावर नाहीत. एक धरमतरकडे मिठागराच्या वाटेवर गटारावर टाकला आहे. एक वरश्यात न्हाणीचा आडोसा झाला आहे. तिसरा पेणजवळ रामवाडीत आमच्या अंगणात, विटांवर आडवा. रस्ता रुंद झाला तेव्हा तो काढून शेतात टाकलेला होता, कोणी न्यायला आलं नाही, म्हणून काकूने घासूनपुसून घरी आणला. ती त्यावर जुनं लुगडं पसरून पोह्याचे पापड वाळवते. वरून ऊन, खालून तापलेला पत्रा. काम लवकर होतं.

या तिसऱ्या बोर्डावर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न अडलं होतं.

बहीण पेणजवळ एका कंपनीच्या प्रयोगशाळेत शिफ्टमध्ये काम करते. मुलगा रोह्याजवळच्या वरश्याचा. पसंती झाली होती. बहिणीची अट एकच, लग्नानंतर नोकरी चालू राहील. नाहीतर लग्न नको. मुलाला ते मान्य होतं. पण त्याच्या आजोबांचा एक नियम होता. ते ज्या कंपनीत जन्मभर होते, तिथे पस्तीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्या कामगाराला गाडी मिळायची आणि त्यापुढच्याला खोली घेऊन राहावं लागायचं. आजोबा निवृत्त झाले, नियम झाला नाही. पस्तीसच्या आतला माणूस घरी जेवायला येतो, बाहेरचा येत नाही, आणि सून घरी जेवली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. रस्त्यावरच्या नव्या बोर्डावर आमच्याकडून रोह्याचं अंतर अडतीस होतं.

"ती रेल्वेने जाईल-येईल, आजोबा," मी सांगून पाहिलं.

"रेल्वेचं रेल्वे बघंल. आमचा नियम रस्त्याचा हाय." मग म्हणाले, "नवे बोर्ड हापिसात बसून लिवलेले. जुने साखळी टाकून मोजलेले. जुना काय म्हणतो तो खरा."

आमच्या बोर्डावर रोह्याचं अंतर होतं, पण आकडा घरात कोणालाच आठवेना. उन्हाळाभर त्यावर लुगडं असतं आणि एरवी तो भिंतीकडे तोंड करून उभा असतो. मी आधीच बघून ठेवणार होते. काकूने अडवलं. "वाईट निघाला तर तू त्यांना येऊच देनार नाय." हे खरं होतं.

त्यामुळे रविवारी रीतसर कार्यक्रम ठेवला. खुर्च्या मांडल्या, कांदेपोहे केले, अंगण सारवून घेतलं. मुलगी पाहायला आले होते तेव्हाही एवढी तयारी नव्हती. आजोबा नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून आले, धुतलेलं धोतर नेसून. काकूने सकाळीच पापड घातले होते. लुगडं आखूड असल्यामुळे डावीकडे "रोहा" दिसत होतं, उजवीकडचा आकडा झाकलेला.

"जरा उचला की," आजोबा म्हणाले.

"ओले हायेत. आता हलवले तर वाकडे व्हतील, मग तळताना फुलनार नाय."

"आमी पापड बघायला नाय आलो, बाई."

"मंग बसा. बोर्ड कुठं पळतोय?"

सगळे खुर्च्या वळवून बोर्डाकडे तोंड करून बसलो. ढग आला की सगळे वर बघायचे. पोहे संपले, चहा झाला, आजोबांनी उठून दोनदा पापडाला बोट लावून पाहिलं आणि दोन्ही वेळा काकूने त्यांना परत बसवलं. बहीण आत होती, आवरत होती. शेवटी काकूने एकेक पापड उलटवला आणि लुगड्याची कड दुमडली.

सदतीस.

मग मुलगा म्हणाला, "आजोबा, हा बोर्ड उभा व्हता कुठं? थोडा अलीकडं धरला तर दोन वजा व्हतील."

"बोर्डात वजाबाकी नसते," आजोबा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं. ही उठायची तयारी, हे मला कळलं.

तेवढ्यात बहीण डब्याची पिशवी घेऊन दारात आली. तिने बोर्ड पाहिला, आमची तोंडं पाहिली आणि मला म्हणाली, "ताई, तुमच्या या कार्यक्रमात माझी गाडी गेली."

"कसली गाडी?" आजोबांनी विचारलं.

"कंपनीची. दुसरी शिफ्ट हाय माझी."

आजोबा ताडकन उभे राहिले. इतका वेळ सदतीसकडे बघूनही त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं नव्हतं. "शिफ्ट लागायची वेळ झाली आनि तू इथं उभी? हजेरी कोन लावंल?" मग नातवाकडे वळून, "बघतोस काय बोर्डाकडं? घाल तिला मागं. लेट मार्क लागला तर घरात घेनार नाय तुला."

दोघं गेली. आजोबा परत बसले, जरा वेळ रस्त्याकडे कान लावून.

"मंग आजोबा," काकू म्हणाली, "सदतीसचं काय?"

"शिफ्टवाली मानसं टायमाला जेवत नायत, बाई. मी तरी कुठं जेवलो? तिचा डबा आमच्याकडनं येईल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लग्नाचा दिवस तिच्या सुट्टीचा वार बघून धर, पोरी. रजा खर्ची घालू नकोस."

लग्न मंगळवारी झालं. मुहूर्त नव्हता, सुट्टी होती.