लबाडाची गादी

गादीवाल्याच्या घरात लबाड हा शब्द पदवीसारखा वापरला जाई, आणि ती पदवी त्याला आईनं, तो चड्डी घालायला शिकायच्या आधीच, बहाल केली होती. नव्या सुनेला सासूबाईंनी पहिली गोष्ट सांगितली ती मांजराची. बाळराजांनी एकदा दुधावरची सगळी साय गट्टम केली आणि बोटाला राहिलेली साय घरच्या मांजराच्या तोंडाला पुसून ठेवली. मांजरानं झाडूचा मार खाल्ला, बाळराजे दाराआडून मजा बघत होते. "असा लबाड होता गं!" हे सांगताना सासूबाईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी यायचं. मांजराचं पुढे काय झालं, हे कुणी विचारलं नाही. नव्या सुनेनंही नाही. तीसुद्धा तोंडावर हात ठेवून हसली.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. याचे दिसले होते, पण आई त्या पायांच्या पाप्या घेत बसली. शाळेत शेजारच्या मुलीनं काढलेल्या चित्रावर यानं आपलं नाव टाकलं आणि बक्षीस आणलं, तेव्हाही घरात तोच शब्द, तेच कौतुक. ती मुलगी रडत घरी आली होती. तिला एक लिमलेटची गोळी देऊन वाटेला लावण्यात आलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढा साधा न्याय होता तिथला.

पुढे तो मोठा झाला, गादीकारखान्याचा मालक झाला आणि तो शब्दही त्याच्याबरोबर गावभर फिरायला लागला. कापसाचा व्यापारी म्हणायचा, "लबाड आहे लेकाचा, पण कामाचा आहे," म्हणजे माझ्यासारखाच आहे. चहाच्या टपरीवर मित्र तोच शब्द उच्चारून त्याच्या पाठीवर थाप मारायचे. तेवढ्यात चहाचे पैसे द्यायची पाळी दुसऱ्या कुणावर तरी गेलेली असायची. ज्यांच्या घरी त्याच्या गाद्या गेल्या होत्या ते हाच शब्द दातओठ खाऊन म्हणत, पण त्यांचं ऐकायला वेळ कुणाला? बायकोनंही नव्या नवलाईत दार लोटून घेतल्यावर तोच शब्द वापरला होता, आणि कुठल्या सुरात ते सांगायची गरज नाही. राहिला तो स्वतः. त्याच्या मते या जगात खरा लबाड एकच होता, समोरच्या फुटपाथवरच्या दुसऱ्या गादीकारखान्याचा मालक. तो बिचारा दिवसभर मान खाली घालून दाभण चालवायचा. "एवढा सचोटीचा आव कोण आणतो?" हा म्हणायचा. "ज्याला काहीतरी दडवायचंय तोच." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

खाली कारखाना, वर दोन खोल्यांचं घर, मधे अरुंद लाकडी जिना. कापसाचा भुगा त्या जिन्यावरून घरभर यायचा, पाण्याच्या पेल्यातसुद्धा तरंगायचा. गादी घ्यायला आलेला माणूस काय करतो, हे गादीवाल्यानं फार लवकर हेरलं होतं. माणूस अंगठ्यानं कड दाबतो. फार तर टेकून बसतो, तोही कडेवरच. दुकानात, चारचौघांसमोर, बूट काढून आडवं व्हायची प्रत्येकाला लाज वाटते. त्या लाजेवर या माणसानं संसार उभा केला. कडेच्या वीतभर पट्ट्यात नवा, पिंजलेला, पांढराशुभ्र कापूस. आतल्या पोटात शिंप्यांकडून पोत्यानं आणलेल्या चिंध्या, जुन्या उशांमधले घट्ट गोळे, आणि हाताला लागेल ते. वरचे टाके मात्र इतके सुरेख की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. वर्ष जायच्या आत गादीला मधोमध खड्डा पडायचा आणि बहुतेक गिऱ्हाईकं आपल्याच कमरेला दोष देत डॉक्टरकडे जायची.

बायको खोळी शिवायची, म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. एकदा तिनं धीर करून म्हटलंही, "अहो, लोक रात्रभर झोपतात हो त्यावर."

"झोपतात ना? मग झालं तर! झोपलेला माणूस कधी तक्रार करतो का?" आणि स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसला.

ती गप्प बसली. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असं तिनं मनाला समजावलं. गप्प बसणाऱ्याला वेळेवर एखादी म्हण सापडतेच.

मग सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "हाड आज ना उद्या जुळेल. पण या वयात पाठीला जखम झाली, तर ती हाडापेक्षा जड जाईल. अंथरूण एकसारखं हवं. गुठळी नको, टणक काही नको. पाठ सांभाळा, म्हणजे माणूस वाचेल."

गादीवाल्यानं हे ऐकलं आणि छाती ठोकून सांगितलं, "माझ्या आईची गादी मी स्वतः करणार. कारागिराला शिवूसुद्धा देणार नाही!" त्या घटकेला तो खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या वतीनं कबूल करायला हवं. त्यानं खरोखर नवा कापूस आणला. बायकोनं तो हातात घेऊन बघितला, आणि तिला भरून आलं. चला, या माणसाची लबाडी आईच्या पायाशी तरी थांबते, असं तिला वाटलं. तो दिवसभर खाली गाणं गुणगुणत बसला होता. संध्याकाळी गादी वर आली, टाक्यांची रांग बघत राहावी अशी. भेटायला येईल त्याला सासूबाई सांगायच्या, "माझ्या लबाडानं केलीय हो, स्वतःच्या हातानं." आणि येईल तो अंगठ्यानं कड दाबून मान डोलवायचा.

थोड्या दिवसांनी सासूबाई कुरकुरायला लागल्या. "काहीतरी टोचतंय गं खाली."

"तुझीच हाडं टोचतात तुला, आई," मुलगा दारातूनच म्हणाला. "वजन बघ किती उतरलंय. जरा खात जा." म्हातारी आज्ञाधारकपणे चार घास जास्त खायला लागली. टोचणं थांबलं नाही.

सून रोज पाठ पुसायची, पावडर लावायची, कुशीवर वळवायची. तरी एके सकाळी माकडहाडावर लाल चट्टा दिसला आणि बघता बघता तिथली कातडी फाटली. मलमपट्टीला नर्सबाई यायला लागल्या. त्यांनी जखम बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"यांना झोपवता कशावर?"

"गादीवरच. नव्या कापसाची आहे, आमच्या ह्यांनी स्वतः केलीय."

नर्सबाईंनी म्हातारीच्या कमरेखाली हात सरकवला आणि तिथेच थांबवला. "नव्या कापसाची? तुम्ही घाला हात."

सुनेनं घातला. बोटांना टणक गाठी लागल्या. दोघींनी सासूबाईंना चादरीसकट ओढून शेजारच्या खाटेवर सरकवलं. सुनेनं कात्री आणली आणि ज्या खोळीची शिवण तिनं स्वतः मारली होती ती टराटरा उसवली. कडेला पांढराशुभ्र कापूस. पुढे हात घातला तर चिंध्या. तेलकट गोळे. आणि बरोबर मधे, म्हातारीचं माकडहाड जिथे टेकायचं तिथे, एका जुन्या शर्टाची घडी पडलेली कॉलर, बटणासकट.

तिनं जिन्यातून हाक मारली. अशी हाक तिनं आजवर मारली नव्हती. हातातलं दाभण तसंच घेऊन तो धावत वर आला.

"हे काय आहे?"

त्यानं गादीकडे बघितलं. मग खाली वाकून कडेचा कापूस मुठीत घेऊन दाखवला. "अगं, पण कडा बघ ना! कडेला सगळा नवा घातलाय. एक धागा जुना नाही!"

बोलून गेला आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. नर्सबाईंनी मान फिरवली.

"मी मुद्दाम नाही केलं गं," तो पुटपुटला. "शपथ घेतो. कडा भरून झाल्या की हात आपोआप त्या पोत्यात जातो. इतकी वर्षं तेच केलंय. लक्षातच आलं नाही."

"आणि उरलेला नवा कापूस?"

त्यानं मुठीतला कापूस परत कडेला कोंबला.

"बोला ना. कुठे गेला?"

"हॉटेलची ऑर्डर होती... त्या गाद्यांच्या कडांना लागला."

हाताला सवय होती म्हणे! कापूस उरला हे मात्र त्याच हाताला बरोबर कळलं, आणि तो कुठे खपवायचा हेही. जित्याची खोड, दुसरं काय म्हणणार? अशा माणसाला चूकसुद्धा धड फुकटची करता येत नाही, तिच्यातूनही चार पैसे सुटावे लागतात.

बायकोच्या ओठांवर तो जुना शब्द आला आणि तिनं तो गिळला. या घरात त्या शब्दाचे इतके लाड झाले होते की शिवी म्हणून तो कामाचा उरला नव्हता. साखरेत घोळलेल्या शब्दानं कुणाला काय लागणार? "चोर आहात तुम्ही," ती म्हणाली. "आईच्या पाठीखालचं चोरलंत. आणि मी मेली इतकी वर्षं खोळी शिवून देत होते."

त्यानं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. बायको काय, बोलायचीच. त्याला आशा होती ती खाटेकडून. तो आईच्या उशाशी उकिडवा बसला आणि गालातल्या गालात हसत म्हणाला, "बघ ना आई, कसा लबाड आहे तुझा मुलगा!"

आयुष्यभर या एका वाक्यावर तो सुटत आला होता. म्हातारीनं सगळं ऐकलं होतं. तिनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"सूनबाई," ती म्हणाली, "समोरून एक गादी मागव."

"समोरून?" तो उसळला. "अगं, तो तर..." पण त्या नजरेपुढे वाक्य पुरं झालं नाही.

समोरचा मालक स्वतःच गादी खांद्यावर घेऊन आला. खोलीत उसवलेली गादी तशीच पसरलेली होती. त्यानं ती एकदा पाहिली. हयात गाद्या भरण्यात गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा बघायची गरज नव्हती. त्यानं ओठाचा कोपराही वाकडा केला नाही, आणि गादीवाल्याला तेच सगळ्यात जास्त झोंबलं. हसला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

पलंगावर नवी गादी पडली. तिनं पलंग उंच झाला होता, आता म्हातारीला उचलावंच लागणार होतं. सून डोक्याशी उभी राहिली, नर्सबाई पायांशी. कमरेखाली हात घालायला माणूस हवा होता. गादीवाला बाह्या सरसावून पुढे झाला.

"तू नको," आई म्हणाली.

"आई, दोघींना पेलणार नाही. पडशील."

"पडेन. पण तुझा हात नको माझ्या पाठीखाली." मग तिनं समोरच्या मालकाकडे मान वळवली. "तू धर रे बाबा."

त्यानं हात पुसले, खाली वाकून म्हातारीच्या कमरेखाली दोन्ही हात घातले, आणि तिघांनी तिला हलकेच उचलून नव्या गादीवर ठेवलं. तिनं एक लांब श्वास सोडला. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या, आणि सून चादर नीट करत होती तेवढ्यात तिचा डोळाही लागला.

समोरचा मालक जायला निघाला. गादीवाला दारातच खांबासारखा उभा होता, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

"जरा सरकता का?" तो माणूस हळू आवाजात म्हणाला. "झोपल्यात त्या."

गादीवाला सरकला.