न मारलेली मिठी

"आत नको. तिथेच पायरीवर ठेवा," बाई म्हणाल्या.

रामदासपेठेतला त्यांचा बंगला. माझ्या हातात त्यांच्या मुलानं पाठवलेलं पार्सल, अंगावर हवाई दलाचा गणवेश. मिनिटभर आधी त्याच मला "या, या" म्हणत होत्या. मग विचारलं, "नागपुरात कुठं राहता तुम्ही?" मी वस्तीचं नाव सांगितलं. नागपुरात वस्ती सांगितली की आडनाव विचारावं लागत नाही.

तरी चहा मिळाला. स्टीलच्या पेल्यात, अंगणात, उभ्यानं. "देवानंच झेललं हो माझ्या लेकराला," त्या सांगत होत्या. चहा संपला तसा त्यांनी बोटानं नळ दाखवला. मी पेला विसळला. पालथा घातला. कोणी माझी मान धरली नव्हती. तेवीस वर्षांचा फौजी मी, निमूट विसळला. त्याची लाज अजून जात नाही.

कारण त्या लेकराला झेललं ते मी बांधलेल्या पॅराशूटनं.

तो लढाऊ विमानाचा पायलट. मी त्याच तळावर पॅराशूट बांधायचो. लांब टेबलावर कापड पसरायचं, एकेक दोरी तपासायची, घड्या घालायच्या. शेवटी कार्डावर सही करायची. त्या सहीच्या भरवशावर माणूस आकाशात जातो.

माझ्या त्या सुट्टीच्या महिनाभर आधी त्याच्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं आणि त्याला बाहेर उडी घ्यावी लागली. बातमी आली तशी आमच्या सेक्शनला कुलूप लागलं, माझी कार्डं जप्त झाली. मी बाहेर बाकावर बसून होतो. पॅराशूट उघडलं नसतं, तर गुन्हेगार म्हणून मी ठरलेलाच होतो. उघडलं. तो एका शेतात उतरला, पाय तेवढा मुरगळला.

आमच्या हवाई दलात एक रीत आहे. वाचलेला पायलट पॅराशूट सेक्शनमध्ये येतो. कार्डावर ज्याची सही असेल त्याचा हात हातात घेतो, मिठाई देतो, कोणी बाटली देतो. कुठं लिहिलेली नाही, पण मोडलेली मी पाहिली नव्हती. चौकशीत माझं कार्ड त्याच्यासमोर ठेवलं होतं, नाव त्यानं वाचलं होतं. मी रोज दाढी करून, बूट चमकवून वाट पाहायचो. तो आला नाही. महिन्यानं त्याचं बोलावणं आलं, तेव्हा मी अक्षरशः पळत गेलो.

"सुट्टीवर नागपूरला चाललास ना? हे आईला दे."

एवढंच.

पुढं तो चढत गेला. विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन, शेवटी एअर मार्शल. म्हणजे फौजेतल्या लेफ्टनंट जनरलच्या बरोबरीचा. पेपरात त्याचा फोटो आला की मी कापून ठेवायचो. राग होताच, पण अभिमानही वाटायचा. हा माणूस माझ्या घड्यांवर जगतोय, असं मनाशी म्हणायचो. मी वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झालो, नागपूरजवळच्या वाडीत दोन खोल्या बांधल्या.

गेल्या आठवड्यात एक प्राध्यापक घर शोधत आले. साहेबांचा नागपुरात सत्कार आहे, गौरवग्रंथ निघतो आहे. त्यांच्या हातात टाईप केलेलं पान होतं.

"काका, साहेबांनी स्वतः सांगितलेली आठवण आहे. तुमच्या नावानं छापून राहिलो. बस, खाली सही मारा."

मी वाचलं. विमान अपघातातून वाचलेला पायलट लंगडत थेट आमच्या सेक्शनमध्ये आला. त्यानं मला मिठी मारली. म्हणाला, "आजपासून तू माझा भाऊ." रामदासपेठेत त्याच्या आईनं मला आत नेलं, पाटावर बसवलं, स्वतःच्या हातानं पुरणपोळी वाढली.

मला रडू आलं. प्राध्यापकांना वाटलं, जुन्या आठवणींनी भरून आलं. तीसेक वर्षं मला जे हवं होतं, ते सगळं त्या पानावर होतं. मी आजवर स्वतःला समजावत आलो की त्याच्या लक्षातच आलं नसेल, मोठ्या घरातली माणसं, त्यांना काय कळणार. पण त्याला कळत होतं. काय करायला हवं होतं ते त्याला नीट ठाऊक होतं, अगदी पाटासकट.

बायको दारात उभी होती. "करून टाका जी सही. एवढ्या मोठ्या पुस्तकात नाव येऊन राहिलं. कोणाचं काय जाते?"

तिचं चुकलं नाही. पेल्याचं मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं. पेन माझ्या हातात होतं. ती मिठी घ्यावीशी वाटली, खोटी तर खोटी. हेही सांगतो, लपवत नाही.

पण नोकरीत मी हजारो कार्डांवर सह्या केल्या. वरच्यांनी कितीही घाई केली, तरी स्वतः न तपासलेल्या पॅराशूटवर एकदाही केली नाही.

"हे झालंच नाही, सर," मी म्हणालो. "सही नाही करत."

"अहो काका, चांगलंच तर लिहिलं आहे. नाराज काहून होता?"

मी पान उलटलं आणि मागं हातानं लिहिलं. आयुष्यभर त्याला साहेब म्हणालो, तिथं पहिल्यांदा तू म्हटलं. 'तू आला नाहीस. तुझ्या अंगणात मी उभ्यानं चहा प्यालो आणि पेला विसळून पालथा घातला. तुझं पॅराशूट मी बांधलं होतं.' खाली पूर्ण नाव, नोकरीतला नंबर आणि सही.

"हे तर छापता येणार नाही," ते मोठ्यानं वाचून प्राध्यापक म्हणाले.

"मग माझं नावही छापू नका."

ते गेल्यावर बायकोनं पेल्याचं विचारलं. मी सगळं सांगितलं.

"मले पहिलेच काहून नाही सांगितलं जी?" एवढंच म्हणाली.

रविवारी सत्कार आहे. मी जाणार आहे, बायकोही येते म्हणाली. स्टेजवरून ती मिठी सांगितली गेली, तर मी भर सभेत उठेन आणि म्हणेन, हे झालं नाही. बसा म्हणतील, बसणार नाही. त्या अंगणात उभा होतो तेव्हा मी गप्प होतो. आता उभा राहीन तो बोलायला.