हिरवी पुडी लावलेला पंप

यो सू-चिन चिडली की आवाज चढवत नाही. चष्मा काढून खिशात ठेवते. ताइनानच्या त्या इस्पितळात वॉर्ड सांभाळता सांभाळता तिचे केस पिकले. चष्मा खिशात गेला की वॉर्डबॉयसुद्धा वाट सोडतो.

त्या सकाळी तो बैठकीतच खिशात गेला. आदल्या दुपारी सलाइनच्या पंपाने खांग आजोबांना हृदयाचं औषध भसाभस सोडलं होतं. आजोबा अतिदक्षता विभागात होते. पंप लावणारी नवखी नर्स यू-हान भिंतीशी मान खाली घालून उभी होती. तिच्यापुढे चुका नोंदवण्याचा अर्ज होता, उपसंचालक लो यांनी स्वतः बेतलेला. पहिलाच रकाना : चूक करणाऱ्याचं नाव.

"लिही पोरी," लो म्हणाले. "मग सगळ्यांसमोर वाकून माफी माग. नोकरीचं नंतर बघू."

"लिहू नकोस गं," म्हणत सू-चिन बाहेर गेली. परतली ती तीन पंप ढकलत. तिन्हींवर मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी चिकटवलेली, तैवानात यंत्रांवर ठेवायची रीत आहे तशी.

"हे काय सिस्टर, नाश्ता?"

"यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून लावतो साहेब. तुमच्या कॉम्प्युटरवरही आहे की! वॉर्डात मात्र जे यंत्र दगा देतं, त्यालाच लावतो. हा कालचा पंप. याला दोन लावल्यात."

"म्हणजे माहीत होतं! मग कळवलं का नाही?"

"कळवलं होतं, आमच्याच वॉर्डातल्या नर्सने, मेइ-चूने. तुम्ही तिलाच विचारलंत, पंप हाताळता येत नाही का? तिलाच वाकायला लावलंत. तेव्हापासून आम्ही पुडीलाच सांगतो. ती नाव विचारत नाही."

बोलावून घेतलेल्या तंत्रज्ञाने तिथेच कालचा पंप बादलीत चालवून पाहिला. धार पुन्हा भसाभस सुटली. लो यांनी यू-हानपुढचा कोरा अर्ज उचलला आणि ते निघून गेले. तिची माफी कुणी मागितली नाही.

संध्याकाळी अर्ज बदलून आला. आता आधी यंत्र, मग काय घडलं. नाव शेवटी, तेही द्यायचं असेल तर. सोबत फळ्यावर एक सूचना लागली : यंत्रांवर खाऊ ठेवू नये, ठेवणाऱ्याचं नाव त्वरित कळवावं.

सू-चिनने ती दोनदा वाचली. चष्मा खिशात गेला.

"यू-हान, पुडी आहे का गं एखादी?"

"आहे ताई. कुठल्या पंपाला लावू?"

"दे इकडे," म्हणाली, आणि चिकटपट्टी घेऊन लो यांच्या दाराकडे चालू लागली.