बाद झालेल्यांच्या रांगेत

हॉलच्या दारात पाऊल टाकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुदैबियातल्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर आमच्या कबड्डीच्या मास्तरांची शोकसभा होती. भिंतीवर भलामोठा फ्लेक्स. वरच्या कोपऱ्यात मास्तर, रेसिडेन्ट कार्डावरून उचललेला इवलासा फोटो. खाली 'शोकाकुल' म्हणून आम्ही बाराजण, गॉगलसकट, त्यांच्या दुप्पट मोठे. समुद्र ओलांडून बहारीनला आलो तरी फ्लेक्सवर मिरवायची खोड काही गेली नाही.

मास्तर मालवणकडचे, लॉन्ड्रीची गाडी चालवायचे. शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी हूऱ्याजवळच्या मोकळ्या मैदानात त्यांनी आम्हाला घोट्याची पकड शिकवली, दम राखायला शिकवलं. त्यांचा एक नियम मोडायची कुणाची छाती नव्हती. बाद झालात की रेषेबाहेर रांगेत बसायचं, तोंड बंद. आपल्या बाजूने गडी मारला की ज्याचा नंबर असेल त्याला हाक मारून उठवायचं. हाक आल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी मॅट आली, स्पॉन्सर आला. त्याला इंग्रजी बोलणारा, गळ्यात शिट्टी अडकवलेला कोच हवा होता. आम्ही मीटिंग घेतली, मत द्यायला हात वर केले आणि मास्तरांना काढलं. पुढच्या शुक्रवारी ते आले आणि बाद झालेल्यांच्या रांगेत शेवटी जाऊन बसले. मग दर शुक्रवारी तसेच. आम्हाला त्याची गंमत वाटायची.

"मास्तर, तुमचो नंबर कधी येतलो?"

"येतलो रे, इंशाल्ला."

मग एका शुक्रवारी आले नाहीत. सलमानियाच्या हॉस्पिटलात होते, तिथेच गेले.

आणि आता माईकवर एकेकाचा गळा दाटून येत होता. "मास्तर म्हणजे आमचं दैवत!" मला राहवलं नाही. मी उठून ओरडलो, "दैवत ना? मग देवाला रेषेबाहेर बसवलं कुणी?"

माईकवाला शांतपणे म्हणाला, "मेलेल्या माणसाच्या नावाने तमाशा नको. आणि तुझा हात काय खिशात होता त्या दिवशी?"

नव्हता. वरच होता. मी खाली बसलो. समोर फ्लेक्सवर माझा गॉगल चकाकत होता.

पुढच्या शुक्रवारी मैदानावर गेलो. आमचा एक खेळाडू बाद झाला आणि रांगेत शेवटी, मास्तरांच्या जागेवर टेकला. मी त्याच्यावर खेकसलो, "ऊठ तिथून!" तो बिचारा घाबरून उठला. दोन वर्षं मास्तर त्याच जागी बसून होते, माझ्यापासून चार हातांवर. "मास्तर, उठा" एवढंच म्हणायचं होतं. ते एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही.