खाऱ्या विहिरीवरची कमल

काल पहाटे कमल गेली. आता खाऱ्या विहिरीची गोष्ट सांगायला मी मोकळी झाले.

साठ वर्षं तिनं तोंड उघडलं नाही. मीही नाही. माझ्या मुलांनाही हे इथं फेसबुकवरच पहिल्यांदा कळेल. कळू द्या.

आमचं गाव वरवट बकालच्या पुढं, खारपाणपट्ट्यात. महाराष्ट्र नवा नवा होता, आम्ही दोघी नववीत. गावात गोड्या पाण्याची विहीर एकच. दुसरी गावाबाहेर, खारी. तिच्या पाण्याला जनावरंही तोंड लावायची नाहीत.

तिकडं कोणाचं काही काम नसायचं. तरी त्या वर्षी दोन बाया तिकडं गेल्या आणि परत आल्या नाहीत.

गाव म्हणायचं, "तिसरी घेतल्याबिगर ते विहीर राहत नाही."

असं म्हणायचं आणि जेवायला बसायचं. मला तर वाटायचं, सगळे तिसरीची वाटच पाहत आहेत.

कमल चिडायची. "विहीर कायले घेते वं? घरात कोणी बोलत नाही म्हणून जातात बाया. आपण बसू तिथं."

आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. घरी कळलं असतं तर तंगडी मोडली असती. सकाळची शाळा सुटली की एक दिवस ती, एक दिवस मी, अशी ड्युटी लावली. दुपारी तिकडं चिटपाखरू नसायचं. पाण्यात खडा पडला तरी धावत जाऊन वाकून पाहायचो.

आम्ही पोरी. बाईमाणसाला समजवायची आमची काय अक्कल?

पण कमलनं युक्ती काढली. कोणी बाई येताना दिसली की ती आपली वेणी सोडायची आणि केस मोकळे टाकून काठावर बसायची.

भर दुपारी विहिरीवर केस सोडले की बाहेरचं लागतं, असं आमच्याकडं मानतात. जीव द्यायला आलेली बाईसुद्धा थांबायची. "मरतं का पोरी?" म्हणून ओरडायची आणि कमलच्या मागं वेणी घालायला बसायची.

कमलची पाठ तिच्याकडं. तोंड दिसत नाही, म्हणून बाई बोलायची. एकीनं तर वेणी घातली, उकलली, पुन्हा घातली. तोवर तिचं रडून झालं.

नियम एकच. वेणी झाली की बाईला तिच्या उंबऱ्यापर्यंत सोडायचं. मध्ये कुठंही सोडून यायचं नाही.

तीन बाया अशा घरी गेल्या. हे गावात कोणालाच माहीत नव्हतं.

मग सखूकाकू आली. आमच्याच आळीतली. तिचा एकुलता एक पोरगा दोन महिन्यांपूर्वी देवीच्या साथीत गेला होता.

त्या दिवशी ड्युटी माझी होती. आणि परीक्षा सुरू होती, दुपारी गणिताचा पेपर.

काकूच्या डोक्यावर धुण्याचं गाठोडं होतं. ते पाहून मला हायसं वाटलं. कामाला आलेली बाई, हिची कसली काळजी?

"काऊन वं सुमे, केस सोडून बसली?" म्हणत तिनं घट्ट वेणी घातली. पोराचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. माझ्या पेपरचंच विचारत राहिली.

"जाय आता. पेपर चुकन तुहा. मी येते धुणं आटपून."

मी गेले.

खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. धुणं धुवायला तिथं कोणी जात नाही. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मलाही माहीत होतं हो. डोक्यात गणित होतं.

दिवस मावळायच्या आत सगळं गाव विहिरीवर जमलं. गाठोडं काठावरच होतं. कपडे कोरडे.

कोणीतरी म्हणालं, "झाल्या तीन." दोन-चार जणांच्या तोंडावर सुटका दिसली. त्या लोकांचा मला आजही राग येतो.

काकूनं घातलेली वेणी मी चार दिवस सोडली नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मी विहिरीवर गेले. ड्युटीला नाही. गावाच्या हिशेबानं विहिरीचं पोट भरलं होतं, मला वाटलं तिथं कोणी नसेल.

कमल बसलेली होती. तिनं केस सोडले नाहीत. माझ्याकडं पाहिलं आणि पदर धरावा तसा माझ्या परकराचा काठ मुठीत धरला.

मी विचारलं, "कमले, माही चूक होती का?"

मला वाटलं ती नाही म्हणेल. सगळे तेच म्हणाले असते.

"हाव. चुकलीच तू. पण चुकलं म्हणून जीव द्यायचा नसते."

मी तिची मूठ सोडवायला गेले तर म्हणाली, "मले पोहता येत नाही, तुले माहीत हाय. तू गेली तं मी मांगं येईन. मंग दोन घरं रडतीन. चाल घरी."

ती खोटं कधी बोलायची नाही. म्हणून मी भ्याले, आणि म्हणून घरी आले. त्यानंतर महिनाभर ती माझ्या अंथरुणाशेजारी झोपायला यायची. माझ्या आईला मीच सांगितलं, अभ्यासाला येते.

पुढं मी मास्तरीण झाले, संसार झाला, नातवंडं झाली. काकूचं ओझं अजून उतरलं नाही. उतरूही नये.

कमले, माझी पुढची सगळी वर्षं तुझी देणगी होती. दर दिवाळीला भेटायचो, फराळ करायचो, गुडघेदुखीच्या गप्पा मारायचो. हे एवढं एक वाक्य तुझ्या तोंडावर बोलायला मला जमलं नाही.

तू मला जगवलंस, बाई.

जा आता. तुझ्या सुमीचा तुला नमस्कार.