नानांची शेपटी

नानांच्या घराला दार नव्हतं आणि नाना दिवसभर दारंच करत. वीतभर उंचीची, देव्हाऱ्याला बसवायची, वेलबुट्टीच्या जाळीची. शिंगणापुरात चोरी होत नाही म्हणतात, दार-कुलूप कुणी लावत नाही. इतर जुन्या घरांसारखी त्यांच्याही घराला नुसती चौकट होती. कुत्री शिरू नयेत म्हणून एक फळी टेकवायची, की झालं. चौकटीच्या आत त्यांचं जाळी कापायचं मशीन. दिसायला शिवणयंत्रासारखं, फक्त सुईच्या जागी दोऱ्याएवढं पातं सारखं खालीवर करणारं.

मशीन थांबलं की नाना सुरू. बसले तर गुडघा हलायचा, उभे राहिले तर चौकटीपर्यंत फेऱ्या. मीही काही कमी नाही. जवळच्या शाळेत चित्रकला शिकवायला मी रोज नगरहून येऊन-जाऊन करायचे. निम्मा जन्म एसटीच्या घाईत गेला. देव्हाऱ्याचं माप द्यायला एकदा गेले आणि शाळा सुटली की तिकडे वळायची सवयच लागली. मी कागदावर नक्षी काढायची आणि नानांनी ती लाकडात कापायची, असं आमचं जमून गेलं.

मशीन सोडलं तर विकतचं असं त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. भुसा झाडायला दात घासायचा जुना ब्रश, भोकाची जागा टोचायला सायकलच्या तारेचा टोच्या, आतल्या कडा घासायला आइस्क्रीमच्या काडीवर चिकटवलेला पॉलिश पेपर. गोंद वाळेपर्यंत तुकडे धरून ठेवायला नानींचे कपड्यांचे चिमटे. त्यामुळे दोरीवरची साडी उडून शेजारच्या अंगणात जायची आणि नानी ती आणताना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायच्या. मुलाने पुण्याहून पाठवलेला हत्यारांचा चकचकीत संच फडताळात पडून होता.

"महागाचं हत्यार जपावं लागतं मॅडम," नाना म्हणत. "जपत बसलो तर काम कवा करू?"

सगळ्यांत लाडकी होती ती शेपटी. म्हणजे उंदराच्या शेपटीसारखी निमुळती, गोल कानस. नगरच्या बाजारातून कधीतरी दहा-वीस रुपयांना आणलेली, आणि मूठ म्हणून तिला दाणे काढलेल्या मक्याचं वाळलेलं बुरकुंड बसवलेलं. नानांच्या अंगठ्याने त्या बुरकुंडाला खड्डा पडला होता. नक्षीच्या ज्या कोपऱ्यात मशीनचं पातं अडायचं, तिथे शेपटी जायची. आणि ती फिरू लागली की नानांचा गुडघा थांबायचा. दिवसभरात तेवढाच वेळ तो माणूस शांत असे. खरं सांगायचं तर मी ते बघायलाच जायचे, कारण तेवढा वेळ मलाही घड्याळ आठवत नसे.

एका संध्याकाळी एसटी चुकेल म्हणून मी पेन्सिली, कागद, हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं आणि पळाले. घरी पिशवी उलटी केली तर पेन्सिलींत शेपटी.

दुसऱ्या दिवशी आधी ती द्यायची, असं ठरवून गेले. तर घरात चार माणसं जमलेली, हत्यारं अंगणात काढलेली, मशीनसुद्धा जागचं हललेलं. शेजारचे एक काका चौकटीत उभे राहून म्हणाले, "कुनी नेली तर नसंल?"

नाना उसळले. "आपल्या गावात? काय बोलताय? माझ्याच हातानं पडली आसंल कुठंतरी." मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "या मॅडम, तुमी घरच्याच हाय. तुमची नजर बारीक. जरा बघा बरं."

आणि मी वाकले. खांद्याला पिशवी, पिशवीत शेपटी, आणि मी भुशात हात घालून शोधतेय. 'चुकून माझ्याकडे आली' एवढंच म्हणायचं होतं. पण आल्या आल्या का नाही बोललात, हे कुणीतरी विचारील म्हणून बोलले नाही, आणि जितका वेळ शोधत राहिले तितकं बोलणं अवघड होत गेलं. दुसऱ्या दिवसापासून मी तिकडे वळलेच नाही. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा हायसं वाटलं, याची मला आजही लाज वाटते.

सुट्टी संपल्यावर धीर करून गेले. पूर्वी नाना चौकटीकडे पाठ करून बसत. आता तोंड करून बसले होते. चहा पिऊन निघालेल्या शेजाऱ्याच्या हातांकडे ते तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. पुढ्यात नवी कानस होती, तरी गुडघा हलतच होता. आणि हत्यारांच्या पेटीला एक चिमुकलं कुलूप. किल्ली नानांच्या करदोट्याला.

"नगरहून आनलं, पिशवीत झाकून," नानी हळूच म्हणाल्या. "जेवन गोड लागंना त्यान्ला. एकेकाचं नाव घेत्यात, आन् मग सोताच न्हाई न्हाई म्हनत्यात."

मी पिशवीत हात घातला. शेपटी काढून नानांपुढे ठेवली. "माझ्याकडेच होती नाना. पहिल्या दिवसापासून. तुमच्याबरोबर शोधत होते तेव्हासुद्धा."

नानांनी शेपटी उचलून उलटसुलट पाहिली. मी बोलणी खायच्या तयारीत होते. पण ते हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आगं, ऐकलं का!" त्यांनी नानींना हाक मारली. "गावातलं कुनी न्हाई! बाहेरचं मानूस निघालं!"

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. महिन्यापूर्वी मी त्या घरची होते.

नानांनी बुरकुंडावर अंगठा टेकवला आणि समोरचं दार घासायला घेतलं. गुडघा थांबला. ती आमची शेवटचीच भेट. पुढे लगेच माझी बदली झाली. त्या दिवशी मी निघताना त्यांनी करदोट्याची किल्ली सोडली, पेटीचं कुलूप काढलं आणि दोन्ही माझ्या हातावर ठेवलं. बोलण्यात टोमणा नव्हता, उलट मायाच होती.

"हे तुमी न्या मॅडम. तुमच्या नगरला लागतं."